वाळवंटातून धावणारी रिले आणि पिण्याचे सुरक्षित पाणी : धावणाऱ्यांनी मागे काय ठेवावे?

रेतीवाट

नमस्कार. पुण्यातील आमच्या धावण्याच्या गटात गेले दोन महिने एकच विषय चालू आहे आणि तो आपापसात सुटत नाही, म्हणून येथे मांडत आहे. येत्या डिसेंबरमध्ये आम्ही बारा जण जैसलमेरहून बाडमेरमार्गे जालोरपर्यंत सुमारे ३०० किमीची रिले धाव करणार आहोत. धाव अखंड असेल, रात्रीही थांबणार नाही. उद्देश एकच, की वाळवंटातील गावांच्या सुरक्षित पाण्याच्या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष जावे.

ही कल्पना आमच्या डोक्यात आली ती २००७ सालच्या ब्लू प्लॅनेट रनवरून. १ जून २००७ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयापासून वीस धावपटू निघाले आणि बॅटन एकमेकांच्या हाती देत, रात्रंदिवस धावत, ९५ दिवसांत १६ देश पार करून पुन्हा न्यूयॉर्कला आले. एकूण अंतर १५,२०० मैल, म्हणजे जवळजवळ २४,५०० किमी. युरोप, रशिया, मग मंगोलिया आणि गोबीचे वाळवंट, चीन, जपान असा तो मार्ग होता. जगातील ११० कोटी माणसांना पिण्यायोग्य पाणी मिळत नाही, हा आकडा त्या वेळी त्यांनी गावोगावी सांगितला. गोबीतील मोकळ्या माळावर, आजूबाजूला एकही झाड नसताना, एकटा माणूस हातात बॅटन घेऊन पुढच्या माणसाकडे धावत चालला आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

परंतु आमच्याच गटातील एका मैत्रिणीने विचारले, की आपण धावून आल्यावर त्या गावांत काय बदललेले असेल? मला उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशा धावा केल्या आहेत, किंवा पाण्याच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. धाव करूच नये, असे कोणाचे मत असेल तर तेही हवे आहे.

धावपटू४२

आधी धावण्याबद्दल लिहितो, कारण तेवढेच मला कळते. ब्लू प्लॅनेट रनचा हिशेब मांडला तर दिवसाला सरासरी २५८ किमी होतात. वीस जणांत वाटले तर माणशी रोज १३ किमीच्या आसपास, आणि बॅटनचा वेग ताशी पावणेअकरा किमी. एका दिवसापुरते हे कोणताही बऱ्यापैकी सराव असलेला धावपटू करील. अवघड आहे ते ९५ दिवस ओळीने, कधी रात्री दोनला तर कधी भर दुपारी, गाडीत अर्धवट झोपून उठल्यावर लगेच करणे.

आपले ३०० किमी ताशी १० किमीने धरले तर ३० तास होतात, माणशी २५ किमी. हे जमण्यासारखे आहे. फक्त थरच्या वाळवंटात डांबरी रस्त्यावरही कडेची वाळू उडून येते आणि बुटात शिरते. मी जैसलमेर भागात एकदा रात्रीची शर्यत धावलो आहे. मोज्यांवरून कापडी गेटर, म्हणजे बुटात वाळू शिरू न देणारी पट्टी, चढवले नव्हते, आणि चाळिसाव्या किलोमीटरला दोन्ही टाचांची कातडी सुटली होती. डिसेंबरात तेथे रात्री कडाक्याची थंडी असते, त्यामुळे तहान लागत नाही आणि माणूस पाणी प्यायचे विसरतो, हेही लक्षात असू द्या. उलट तहान नसताना नुसते साधे पाणी पीत राहिलात तर रक्तातील सोडियम उतरते, तेव्हा मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवा.

सीमांतिनी

धाव अवश्य करा. घरी बसून प्रश्न सुटत नाहीत.

माणदेशी

माझे मत विरुद्ध आहे, आणि ते राग म्हणून नव्हे तर अनुभवातून आहे. लक्ष वेधायचे म्हणजे कोणाचे? बाडमेरच्या ढाणीतील, म्हणजे वाळवंटातील छोट्या वस्तीतील, बाईला पाण्याचे मोल कोणी धावून सांगायला नको. आमच्या माण तालुक्यात मी लहानपणी टँकरची वाट पाहत शाळा बुडवली आहे. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि आम्ही पोरे पोहऱ्याने ते पुन्हा वर काढायचो. विहिरीच्या तळाला जे काय असेल ते त्या पाण्यात मिसळायचे, आणि टँकरचे पाणी सरकारी आहे म्हणजे चांगलेच आहे, असे समजून सगळे ते प्यायचे. त्या काळात शहरातून पाहणी करायला, फोटो काढायला, मदत करायला पुष्कळ लोक आले. बरेचसे मनाने चांगले होते. पण एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा आलेला मला आठवत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष लातूरकडे होते. पाऊस पडला आणि लक्ष गेले. लक्ष ही टिकणारी वस्तू नाही. आपण बारा जणांच्या प्रवासाचा, गाड्यांचा आणि डिझेलचा जो खर्च काढला असेल, तो सरळ एखाद्या गावाला द्यावा, असे मला वाटते.

अवनी_भोपाळ

मी भोपाळची मराठी. ब्लू प्लॅनेट रनचा उल्लेख आला आहे म्हणून एक गोष्ट नोंदवणे माझे कर्तव्य समजते. त्या धावेचा मुख्य प्रायोजक डाऊ केमिकल ही कंपनी होती. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री जिच्या कारखान्यातून वायू सुटला, ती युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊने विकत घेतली. कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेली रसायने जमिनीत मुरली आणि शेजारच्या वस्त्यांचे हातपंप त्यामुळे खराब झाले. त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी नळाने द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला. ही जबाबदारी आपल्याकडे येत नाही, अशी डाऊची भूमिका राहिली आहे.

पुढे १८ एप्रिल २०१० रोजी याच कंपनीच्या नावाने जगातील अनेक शहरांत पाण्यासाठी ६ किमीच्या धावा ठेवल्या गेल्या. बायका आणि मुले पाण्यासाठी रोज सरासरी ६ किमी चालतात, म्हणून ते अंतर निवडले होते. त्या वेळी भोपाळच्या पीडितांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी ठिकठिकाणी निषेध केला. धावणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु हातपंपाचे पाणी शेंदून त्याला औषधासारखा वास येतो का, हे रोज हुंगून पाहणाऱ्या बाईला त्या बनियनवरचे नाव काय वाटले असेल, याचा विचार करा. तुमच्या बनियनवर कोणाचे नाव असेल, हे आधी ठरवा.

रेतीवाट

अवनीताई, मनापासून आभार. प्रायोजकाबद्दल हे मला ठाऊक नव्हते, आणि ज्या धावेचे चित्र मी इतकी वर्षे जपले तिच्याबद्दल हे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे एका बाटलीबंद पाण्याच्या वितरकाने पाणी आणि बनियन देण्याची तयारी दाखवली होती. आजच गटात बोलून ती नाकारली आहे. खर्च आम्ही वर्गणी काढून करू.

माणदेशी, तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्यावर विचार करतो आहे.

तुळजाई

थोडे विषयांतर वाटेल, पण नाही. रिले म्हटले की आपण परदेशाकडे पाहतो, आणि आपल्याकडे गावोगावची तरुण मुले दरवर्षी हेच करतात. घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत आणायची, शिवजयंतीला गडावरून शिवज्योत आणायची. आमच्या गावाचे अंतर १४० किमी. पुढे ज्योत, मागे टेम्पो, आणि दर दोन-तीनशे मीटरला ज्योत हातातून हातात. कित्येक जण अनवाणी. ज्योत विझता कामा नये, म्हणून एक जण तेलाची किटली घेऊन शेजारी धावत असतो. मी सोळा वर्षांची असताना पहिल्यांदा मुलींचा गट निघाला, तेव्हा पहाटे चारच्या सुमारास बार्शीच्या अलीकडे ज्योत माझ्या हाती आली. तेलाचे थेंब मनगटावर पडत होते, चटके बसत होते, पण हात खाली घ्यावासा वाटला नाही.

मला यातून एवढेच सांगायचे आहे, की ज्योत गावात पोहोचते तेव्हा धावणे संपते आणि घट बसतो. नऊ दिवस त्या ज्योतीवरून लावलेला दिवा तेवत ठेवायची जबाबदारी वाटून घेतलेली असते, कोणी रात्री जागायचे हेही ठरलेले असते. तुमचे बॅटन जालोरला पोहोचल्यावर कोणाच्या घरी जाणार आहे?

धावपटू४२

तुळजाईताई, सुंदर लिहिलेत. आमच्या आळीतही शिवज्योत यायची, आणि मी धावायला शिकलो तो तिच्याच मागे.

गोबीतला_मराठी

मी काही वर्षे दक्षिण मंगोलियात विंधन अभियंता म्हणून काम केले आहे, म्हणून गोबीबद्दल लिहितो. गोबी म्हणजे वाळूच्या टेकड्या, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक गोबी खडी आणि कडक मातीचा सपाट माळ आहे. मी होतो तेव्हा चोइर ते झामिन-ऊद या भागात बराचसा रस्ता कच्चा होता. एकाच दिशेने जाणाऱ्या दहा-बारा चाकोऱ्या दिसत आणि कोणती धरायची हे ज्याने त्याने ठरवायचे. २००७ मध्ये तेथून धावणाऱ्यांना धुळीने किती त्रास झाला असेल, याची मला कल्पना येते.

मेंढपाळांची विहीर एकदा जवळून पाहिली की विसरत नाही. जमिनीलगत लाकडाची चौकट, तिच्यावर झाकण, ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर शिवून केलेली बादली आणि शेजारी गुरांना पाजण्यासाठी लांब डोणी. घोडे, गाई, उंट, मेंढ्या आणि शेळ्या, ही पाच प्रकारची जनावरे त्याच डोणीवर येतात आणि माणसेही तेच पाणी उकळून चहा करतात. ट्यूबची बादली का, असे मी विचारले होते. ती हिवाळ्यात फुटत नाही, आणि तिच्यावर धरलेला बर्फ काठाला आपटून झाडता येतो, असे एका म्हाताऱ्या बाईने सांगितले. उठताना तिने झाकण नीट बसवले, आणि नंतर माझा हात धरून मला पुन्हा तेथे नेले व ते कसे बसवायचे ते दाखवले, कारण पुढच्या वेळी मी एकटा येईन असे तिला वाटत होते.

पाणी दिसायला काचेसारखे, परंतु जागोजागी क्षारयुक्त आणि काही ठिकाणी फ्लोराइड वा आर्सेनिक असलेले. त्या बाईला ते नजरेने कळणे शक्य नव्हते, आणि मलाही नव्हते. आम्ही तपासले तेव्हा कळले. सुरक्षित पाणी आणि उपलब्ध पाणी यांतला फरक हा असा आहे, आणि तो तपासल्यावाचून समजत नाही. रेतीवाट, तुमच्या धावेत पाणी तपासायची काही सोय आहे का?

मंजिरी_देव

माणदेशी यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. पैसा सरळ गावाला द्यावा हे ऐकायला योग्य वाटते, पण धाव नसती तर तो पैसा उभा राहिला असता का? चार्ली एंगल, रे झहाब आणि केविन लिन हे तिघे २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सेनेगलहून निघाले आणि १११ दिवसांत सहारा ओलांडून तांबड्या समुद्राला पोहोचले. मॉरिटानिया, माली, नायजर, लिबिया, इजिप्त असा मार्ग होता, अंतर जवळजवळ ६,९०० किमी. ती रिले नव्हती, तिघेही संपूर्ण अंतर धावले. त्या मोहिमेभोवती आफ्रिकेतील पाण्यासाठी जी संस्था उभी राहिली, ती २००९ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत मिळून आज वॉटर डॉट ऑर्ग या नावाने काम करते. म्हणजे पायांचे काम १११ दिवसांत संपले आणि संस्थेचे काम अजून चालू आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ऑस्ट्रेलियाची मीना गुली २०१६ मध्ये सात खंडांवरच्या सात वाळवंटांतून सात आठवड्यांत ४० मॅरेथॉन धावली. २०१८ मध्ये तिने १०० दिवसांत १०० मॅरेथॉन धावण्याचा संकल्प केला आणि ६२ व्या मॅरेथॉनला दक्षिण आफ्रिकेत तिच्या मांडीचे हाड मोडले. तेव्हा जगभरातल्या लोकांनी आपापल्या गावी धावून तिचे उरलेले किलोमीटर पूर्ण करायला घेतले. एकटीची धाव होती, ती आपोआप रिले झाली. मी त्या वेळी कोथरूडला सकाळी पाच किलोमीटर धावून तिच्या नावाने नोंदवले होते. मी कोणालाही पाणी दिले नाही, हे मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या टाकीची साफसफाई कधी झाली, हे मी विचारू लागले आणि आता ते काम माझ्याकडेच आहे.

कल्याणी_जोधपूर

माहेर सातारा, गेली अठरा वर्षे जोधपूरला आहे, आणि बाडमेर-जैसलमेरच्या ढाण्यांत पाण्याच्या कामानिमित्त जात असते. येथे बरेच लिहावेसे वाटते.

पहिली गोष्ट डिसेंबरची. वाळवंटातल्या साऱ्या शर्यती आणि धावा थंडीत होतात, आणि ते धावणाऱ्यांच्या जिवासाठी बरोबरच आहे. परंतु त्या वेळी पावसाळ्यात भरलेल्या टांक्यांत, म्हणजे पावसाचे पाणी साठवायच्या जमिनीखालच्या हौदांत, अजून पाणी असते. तुम्ही झाकण उघडून पाहाल तर पाणी दिसेल, आणि येथे प्रश्न काय आहे असे वाटेल. खरा प्रश्न मे-जूनमध्ये दिसतो, जेव्हा टांक्याच्या तळाशी वीतभर पाणी राहते आणि बाई शिडीने आत उतरून वाटीने ते बादलीत भरते.

येथील लोक पाण्याला तीन नावांनी ओळखतात. पावसाचे वरचेवर धरलेले ते पालर पाणी, वाळूत मुरून खाली खडियाच्या म्हणजे जिप्समच्या थरावर अडलेले ते रेजाणी पाणी, आणि खोल विहिरीचे ते पाताळ पाणी. रेजाणी पाणी अरुंद कुईतून, म्हणजे छोट्या विहिरीतून, मिळते आणि ते गोड असते. पाताळ पाणी बहुतेक ठिकाणी खारे. टांक्याभोवतीची आगोर, म्हणजे ज्या उतारावरून पाणी टांक्यात येते ती जागा, पावसाआधी झाडून काढतात, आणि तिच्यावर कोणी चपला घालून गेले तर घरची आजी ओरडते. मी स्वतः ओरडा खाल्ला आहे. ज्यांनी शंभर-दोनशे मिलिमीटर पावसात पिढ्यान् पिढ्या काढल्या, त्यांना पाणी जपायला शिकवू नका, एवढी विनंती.

मग बाहेरच्यांनी काय करावे? फ्लोराइडबद्दल बोलावे. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. नागौरकडच्या एका पट्ट्याला लोक बांका पट्टी म्हणतात, कारण तेथे माणसांच्या पाठी वाकल्या आहेत आणि पाय फेंगडे झाले आहेत. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. जालोर जिल्ह्यातही हा त्रास आहे, म्हणजे तुमची धाव जेथे संपते तेथेच. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी नळाने जैसलमेर-बाडमेरला पोहोचल्यापासून पुष्कळ गावांचे फ्लोराइड सुटले, हे आवर्जून सांगते. पण नळाला पाणी आले नाही, की लोक पुन्हा जुन्या कूपनलिकेवर जातात, आणि मुलांच्या दातांवर तपकिरी रेघा दिसू लागतात.

सीमांतिनी

कल्याणीताई, ते पाणी उकळून घेतले तर?

कल्याणी_जोधपूर

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची जी नालगोंडा पद्धत आहे, ती नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. तिला रोज मोजून माप टाकणारा माणूस लागतो. जेथे तो माणूस टिकला तेथे ती चालली.

निवृत्त_आरोग्यसहाय्यक

मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात ३१ वर्षे नोकरी केली. धागा सुरुवातीपासून वाचला.

आपल्यापैकी किती जणांनी नारू पाहिला आहे? मी पाहिला आहे. पायाच्या घोट्याजवळ फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढतो. तो ओढून तुटला तर पाय सुजून पू होतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटे बाहेर काढायचा. काही आठवडे लागत. पेरणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस अंगणात काडी धरून बसलेला मी पाहिला आहे. त्याच्यावर औषध नव्हते, लस नव्हती. कारण एकच, पायऱ्यांची बारव. रोगी माणूस पाण्यात पाय घालून उतरायचा, जंताची पिल्ले पाण्यात जायची, सायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव ती गिळायचा, आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने पुन्हा नारू व्हायचा.

देशाने तो कसा घालवला? पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकले, दुपदरी फडक्याने पाणी गाळायला शिकवले आणि घरोघरी जाऊन रोगी शोधले. पुढे रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवले होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला, तो जोधपूर जिल्ह्यात, म्हणजे आपण जेथून जवळ धावणार आहात त्याच वाळवंटात. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. शेवटच्या रुग्णानंतरही आम्ही घरोघरी जात राहिलो. काही सापडत नसताना जात राहणे हेच त्यातले सर्वांत अवघड काम होते.

आता आपल्या धावेकडे येतो. पाणी तपासायचे असेल तर दोन प्रकार लक्षात ठेवावेत. फ्लोराइड, क्षार, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यानंतर उरलेला क्लोरीन, हे तपासणी किटने जागेवर काही मिनिटांत कळते. क्लोरीनसाठी ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. पण मैलामिश्रित पाणी ओळखायची जी एचटूएसची बाटली असते, तिच्यात पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवावे लागते. पाणी काळे पडले तर ते पिण्यास अयोग्य. आपण ३० तासांत जालोरला पोहोचणार. जैसलमेरजवळच्या पहिल्या गावातील बाटली काळी पडेल, तेव्हा आपण ३०० किमी दूर असाल. ती बाटली आपल्याबरोबर धावली, तर काळी पडलेली त्या गावाला कोण दाखवणार?

माणदेशी

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नात माझा सगळा आक्षेप आला. मला नीट मांडता आला नव्हता.

तुळजाई

बाटली गावातच राहिली पाहिजे. आणि तिच्यापाशी आपला एक माणूस.

गोबीतला_मराठी

याला पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे एकदा उलटे झाले होते. नमुने राजधानीला गेले, अहवाल कंपनीच्या कार्यालयात आला, आणि ज्या कुटुंबाच्या विहिरीचे पाणी होते त्यांना कोणी कळवलेच नाही, कारण ते तोवर हिवाळ्याच्या मुक्कामी निघून गेले होते. ते काम माझ्या अखत्यारीतले नव्हते, तरीही मी विचारायला हवे होते असे आजही वाटते.

मंजिरी_देव

मग रिलेची रचनाच बदलता येईल. बारा जण धावण्याऐवजी प्रत्येक टप्प्याच्या गावात एक जण दोन दिवस थांबेल, आणि बॅटन पुढे नेणारे त्या गावातीलच असतील. वाळवंटातील शाळांत धावणारी मुलेमुली कमी नाहीत.

कल्याणी_जोधपूर

कमी तर नाहीतच. भाद्रपदात रामदेवऱ्याला, म्हणजे बाबा रामदेवांच्या देवस्थानाला, पायी जाणारी माणसे शेकडो किलोमीटर चालतात, त्यांत शाळकरी मुले असतात. वाटेत लोक तंबू टाकून त्यांना पाणी पाजतात. दोन शाळांतील शिक्षकांना मी ओळखते. त्यांच्या मुलींना किट वापरता येते, कारण जलजीवन मिशन या घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेत गावातल्या पाच महिलांना तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे असते आणि त्यांतल्या काहींच्या आया त्यात होत्या. किट मात्र बऱ्याच ठिकाणी कपाटात असते, कारण रसायने संपलेली असतात.

रेतीवाट

गेले चार दिवस लिहिले नाही, कारण गटाची बैठक व्हायची होती. ती काल रात्री झाली.

आम्ही बारा जणांनी एका दमात ३०० किमी धावायचे नाही, असे ठरवले आहे. सहा गावे निवडायची आणि प्रत्येक गावात दोघांनी ४८ तास राहायचे. बॅटन म्हणून काही वेगळे करायचे नाही. पाण्याच्या नमुन्याची नोंदवही हेच बॅटन. पहिल्या गावातील मुली ती दुसऱ्या गावापर्यंत धावत नेतील, तेथील मुली पुढे, आणि आमचे धावणारे त्यांच्या सोबतीला असतील. एका गटसदस्याला हे पटले नाही. अखंड रात्र धावण्याचा अनुभव हातचा जातो, असे त्याचे म्हणणे आहे. तो स्वतंत्रपणे धावणार आहे आणि त्यात वावगे काही नाही.

नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीला लेखी द्यायची, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, टांके तळाला गेलेले असताना, त्याच सहा गावांत पुन्हा जाऊन तपासायचे. त्या वेळी कोणी धावणार नाही. माणदेशी, मे महिन्याच्या फेरीला आपण याल का? आपल्याला विचारायला मला संकोच वाटत होता, पण एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा आला नाही, हे आपले वाक्य बैठकीत मी वाचून दाखवले.

माणदेशी

येतो. डिसेंबरातही येतो, पण मी धावणार नाही, गावात थांबणाऱ्यांत मला घ्या.

धावपटू४२

रसायनांच्या एका वर्षाच्या खर्चाची जबाबदारी माझ्याकडे द्या. गेटरही मी शिवून आणतो, मुलींच्या मापाचे. मापे कल्याणीताईंनी कळवावीत.

रेतीवाट

काका, एचटूएसच्या बाटल्या किती घ्याव्यात? आणि डिसेंबरच्या थंडीत त्या नीट काम करतील का?

निवृत्त_आरोग्यसहाय्यक

प्रत्येक स्रोताला दोन, आणि एक शुद्ध पाण्याची, तुलनेसाठी. मुदत संपल्याची तारीख पाहून घ्या. पाणी खुणेपर्यंतच भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. थंडीत जंतू सावकाश वाढतात, म्हणून बाटली खोलीत उघड्यावर ठेवली तर ४८ तासांनीही पाणी स्वच्छ दिसेल आणि आपण फसाल. आम्ही हिवाळ्यात बाटल्या फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचो आणि रात्री अंथरुणात घेऊन झोपायचो. अंगाची ऊब त्यांना पुरते. झाकण घट्ट असल्याची मात्र निजण्यापूर्वी खात्री करून घ्या.